कोरडं वजन

माझं वजन साडेब्याण्णव किलो आहे. ते नव्वद झालं की माझी एक किडनी काढून ताईला बसवायची असं ठरलंय. सगळे तयार आहेत. सर्जन तयार आहेत, ताई तयार आहे, भाऊजींनी ऑफिसात रजेचं बोलून ठेवलंय, आईने हॉस्पिटलमध्ये न्यायच्या पिशवीत टॉवेल घड्या घालून ठेवलेत. किडनीसुद्धा तयार आहे. तपासणीत ती इतकी चांगली निघाली की डॉक्टरांनी पडद्यावर तिचा फोटो मला दोनदा दाखवला. माझ्या कुठल्याही फोटोकडे आजवर कोणी दोनदा बघितलेलं नाही. अडून बसलेत ते फक्त अडीच किलो. ते कुठे आहेत हे मला नीट माहीत आहे. पोटावर आहेत. रोज भेट होते. पण जायचं नाव काढत नाहीत.

आमच्या घरात दुसरं कोणी चालण्यासारखं नव्हतं. बाबांचं वय झालंय, आईला साखरेचा आजार आहे, भाऊजींचा रक्तगट जुळत नाही. जुळलो तो मी, आणि मी एकशे बारा किलोचा होतो.

"तुम्ही धडधाकट आहात," सर्जन तेव्हा म्हणाले होते. "धडधाकट माणसाला फाडायचं तर त्याला काही होणार नाही याची मला खात्री पाहिजे. नव्वद करून या." येताना दूध घेऊन या म्हणतात त्या सुरात म्हणाले.

आणि सुरुवातीचं वजन खरंच तसं सहज गेलं. साखर सोडली, तळलेलं सोडलं, पहाटे चालायला लागलो, आणि ते असं भराभरा उतरलं की पँट धरून चालायची पाळी आली. लोक रस्त्यात थांबवून काळजीने विचारायचे, "काय रे, बरा आहेस ना?" जाड माणसाला असं कोणी विचारत नाही. मला फार बरं वाटायचं.

मग एका सकाळी काटा साडेब्याण्णववर आला आणि तिथेच फतकल मारून बसला. पहिला आठवडा मी त्याला सूट दिली, दमला असेल म्हणून. दुसऱ्या आठवड्यात त्याची बॅटरी बदलली. त्यानंतर महिना उलटून गेला. मी पहाटे चालतो, संध्याकाळी चालतो, आणि दिवसभर जिने चढतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत जायला लिफ्ट नसते, त्यामुळे हा व्यायाम मला पगारासकट मिळतो. इतकं सगळं करून काट्यावर उभा राहिलो की तो साडेब्याण्णव दाखवतो. एखाद्या दिवशी मुद्दाम जास्त चाललो तरी साडेब्याण्णव. एकदा चिडून काहीच केलं नाही, दिवसभर लोळलो, तरी साडेब्याण्णव. म्हणजे माझ्या करण्या न करण्याशी त्याला काही देणंघेणंच नव्हतं.

बाबांनी हे मनावर घेतलं. बाबांची सगळी नोकरी लिफ्टमध्येच गेली. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ जमीन सपाट नसण्यात असतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

"काटा सपाटीवर नाहीये," ते म्हणाले, आणि पाणसळ घेऊन घरभर रांगायला लागले. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, गॅलरी. दर दोन फुटांवर पाणसळीतला बुडबुडा बघायचा, काटा ठेवायचा, मला हाक मारायची. मी चढायचो, उतरायचो. शेवटी बाथरूमच्या दारासमोर एक जागा सापडली. तिथे मी तीनशे ग्रॅमने कमी भरलो.

"ही खरी जागा," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिथे खडूने चौकोन आखला.

दोन दिवस सगळं घर अंघोळीला जाताना त्या चौकोनावरून उडी मारून जात होतं. आईसुद्धा, एका हाताने भिंत धरून. तिसऱ्या दिवशी चौकोनातही साडेब्याण्णव आले. बाबांनी पायाने खडू पुसला आणि पाणसळ कपाटात ठेवून दिली.

आईचा लढा वेगळ्या आघाडीवर होता. ताईचं घर आमच्याच मजल्यावर आहे, आणि दोन्ही घरांचा स्वयंपाक आईच करते. ताईला मीठ नको, केळं नको, बटाटा नको, टोमॅटो नको. मला तेल नको, साखर नको, भात नको. या सगळ्या नकोंमधून चाळून खाली उरला तो कोबी. उकडलेला, बिनमिठाचा. आमच्या जिन्यात पहिल्या पायरीपासून कोबीचा वास येतो. बाबा रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जातात आणि ओठ पुसत परत येतात. कोणी काही विचारत नाही. एवढा समजूतदारपणा आमच्यात आहे.

आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर एक उतरती रेघ काढली आणि पुढे ती आडवी ओढली.

"याला पठार म्हणतात. सगळ्यांना लागतं. खचून जायचं नाही, सातत्य ठेवायचं."

"पठार लांबीला किती असतं?"

"ते ज्याचं त्याचं वेगळं."

"बाई, माझ्या पठाराच्या पलीकडच्या टोकाला माझी बहीण बसलीय."

"छान!" बाई म्हणाल्या. "असंच उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवा."

माझ्याबरोबर कामाला एक वयस्कर मेकॅनिक आहे. त्याला सगळे आस्ते म्हणतात, कारण लिफ्ट हलवताना तो सारखा "आस्ते, आस्ते" ओरडत असतो. त्याने मशीन रूममध्ये ग्रीसचे हात पुसत मला समजावलं.

"हे बघ. लिफ्टच्या डब्याला पलीकडून काउंटरवेट लटकवलेलं असतं. का? मोटरला कमी ओढावं लागावं म्हणून. तू तुझ्या डब्यातून वीस किलो काढलेस. शरीर काय खुळं आहे? त्याने पलीकडचं वजन जमवून घेतलं. आता मोटरला कामच उरलं नाही. तू चाल नाहीतर कोलांट्या मार, ती जेमतेम घुरघुरते."

"मग करायचं काय?"

"लिफ्टचं असेल तर सांगतो."

"आणि माणसाचं?"

"माणसाला जिना असतो," आस्ते म्हणाला आणि खिडकीतून लांब कुठेतरी बघायला लागला. याचा अर्थ काय, असं मी विचारलं. त्यालाही माहीत नव्हता.

ताईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. एरवी भाऊजी नेतात. एकदा त्यांना जमत नव्हतं म्हणून मी गेलो. लांबलचक हॉल आहे. ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, आणि दाराशी जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. ताईची लघवी तीन वर्षांपूर्वी बंद झाली. त्यामुळे ती जे पिते ते अंगातच साठतं आणि मशीनने काढावं लागतं. सगळं पाणी काढल्यावर उरतं त्याला तिथे कोरडं वजन म्हणतात. ताईचं कोरडं वजन अठ्ठेचाळीस.

"उतरलं का काही, ढब्बू?" दाराशी चपला काढताना तिने विचारलं. ती मला लहानपणापासून ढब्बू म्हणते. मधल्या काळात मी वीस किलो कमी केले याचा तिच्यावर काही परिणाम झालेला नाही.

"नाही."

"शंभर ग्रॅमसुद्धा नाही?"

"ढिम्म हलत नाही."

"मग इकडे बघ आणि शीक." ती काट्यावर चढली. साडेपन्नास. "चार तासांनी अठ्ठेचाळीस करून दाखवते. अडीच किलो. बसल्या जागी, मासिक वाचत."

"तुझं बरं आहे."

"आहेच." ती टेक्निशियनकडे वळली. "अहो, ते कोपऱ्यातलं मशीन रिकामं आहे ना? याला लावून टाका. याचे पण अडीचच काढायचेत. चालून चालून बूट झिजवतोय बिचारा."

टेक्निशियन तिच्या हातात सुई टोचत होता. त्याने वरही बघितलं नाही. "त्यांचं पाणी नाहीये ताई. चरबी आहे."

"थोडं पाणी असेलच की. कधी तहानलेला दिसत नाही तो."

शेजारच्या खुर्चीतले आजोबा मोठ्याने हसले. मीही हसलो. ती गंमत करत होती. मी हिशेब करत होतो.

ताईचं मशीन सुरू झाल्यावर तिच्या किडनीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते भिंतीला टेकून बोलतात, आणि त्यांनी भिंत शोधली की समोरच्याने घाबरायचं असतं.

"परवा हृदयाची तपासणी केली. ते दमत चाललंय. आत्ता ऑपरेशन झेपेल. आणखी थोडं ढासळलं तर मी स्वतः नको म्हणेन, मग तुमचं वजन कितीही असो. तुमचं कधी होतंय?"

"होतंच आलंय," मी म्हणालो.

"होतंच आलंय असं तुम्ही मागच्या वेळीही म्हणालात."

सोमवारी हॉस्पिटलमध्ये माझं वजन आणि रक्ताची, लघवीची तपासणी होती. शनिवारी रात्री मी पाणी पिणं बंद केलं. रविवारी एका बंद ऑफिसच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलो. पत्र्याचं छप्पर, वर ऊन, आत मोटर. घरून आणलेला प्लास्टिकचा रेनकोट चढवला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली, टोपी बांधली आणि पालथ्या बादलीवर बसलो. थोड्या वेळाने रेनकोटाच्या आत पाऊस सुरू झाला.

दुपारी दार उघडून आस्ते आत आला. तो हत्यारं विसरला होता.

"काय करतोयस?"

"मोटरचा आवाज ऐकतोय."

"रेनकोट घालून?"

"गळती असली तर."

त्याने छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाना उचलला. "आस्ते," तो हळूच म्हणाला आणि दार लोटून गेला.

सोमवारी सकाळी माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि जिना चढताना डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. मला ती चांगली लक्षणं वाटली. दात्यांचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंच्या काट्यावर मी श्वास रोखून चढलो. श्वासाला वजन असतं की नाही ते माहीत नव्हतं, उगाच जोखीम कशाला.

"एकोणनव्वद पॉइंट आठ!" बाई ओरडल्या. उठून टाळ्या वाजवायला लागल्या. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी कशाला ते न विचारता टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या आणि मला भिंत धरावी लागली.

रक्त घेणाऱ्या मुलीला शीर सापडेना. लघवीला तर मी इतका वेळ लावला की बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. जे आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि जेमतेम तळ झाकत होतं. ती बाटली मी दोन्ही हातांनी काउंटरवर दिली. तिचा रंग बघून ज्याला काही शंका आली नाही असा त्या इमारतीत मी एकटाच असणार.

बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"एकोणनव्वद पॉइंट आठ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "खरं सांग."

"बाईंनी टाळ्या वाजवल्या."

"तू शपथ घे."

"कोबीची शपथ."

ती हसायला लागली आणि थांबेना. ताई लायब्ररीत काम करते, तिथे तिला हसायला बंदी आहे. मी म्हटलं, किडनी बसली की पहिलं काय करशील? मला वाटलं म्हणेल तांब्याभर पाणी पिईन. दिवसाला मोजून दोन पेले मिळतात तिला.

"मुतणार," ताई म्हणाली. लायब्ररीत, मोठ्याने. "तीन वर्षं झाली रे. तुम्ही लोक उठता, जाता, हात धुऊन परत येता, तुम्हाला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. मी दार लावून अर्धा तास बसणार आहे. कोणी वाजवायचं नाही."

"नाही वाजवणार."

"बाबांना पण सांगून ठेव."

दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंचा फोन आला. आवाजात टाळ्या नव्हत्या. लगेच या, कपडे घेऊन या, असं म्हणाल्या.

मला एका पलंगावर झोपवून सलाइन लावलं. थोड्या वेळाने सर्जन आले. हातात माझे रिपोर्ट होते.

"पाणी पीत नव्हता का?"

"जरा कमी."

"जरा म्हणजे किती?"

"अजिबात नाही."

"आणि घाम?"

मी रेनकोटाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि बराच वेळ परत घातलाच नाही. बहुतेक मी स्पष्ट दिसायला नको होतो.

"जिच्या भरवशावर तुमची बहीण जगणार, तिलाच तुम्ही दोन दिवस कोरडं ठेवलंत. दोन्ही किडन्यांना मार बसलाय. सावरतील बहुतेक. पण आता तीन महिने मी तुमच्याकडे दाता म्हणून बघूसुद्धा शकत नाही. नंतर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर पहिल्यापासून. आणि समितीला हे सांगणं मला भाग आहे."

"पण काट्यावर नव्वदच्या खाली आलं होतं," मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य मी याआधीही बोललो असेन, पण सलाइन लावलेलं असताना नाही.

"मला नुसता काट्यावरचा नव्वदचा आकडा नको होता हो. मला तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावरून धड उठायला हवे होतात."

"ताईकडे तीन महिने आहेत का?"

त्यांनी चष्मा घातला. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. सबंध दिवसात ते एवढं एकच वाक्य हळू आवाजात बोलले.

सलाइनची एक बाटली संपली, दुसरी लावली, मग तिसरी. संध्याकाळी नर्सने वजन केलं. साडेब्याण्णव. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. माझं शरीर इतकं प्रामाणिक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी घरी सोडलं.  आईने पिशवीतले टॉवेल काढले, एकेक झटकला, पुन्हा घडी घातली आणि कपाटात वरच्या खणात ठेवले. बाबा पेपर वाचत होते. पेपर कालचा होता. भाऊजी दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"तुला फक्त ताप आलाय असं तिला सांगितलंय," ते म्हणाले. "खरं तू सांग. मी नाही सांगणार. मला तिच्या शेजारी झोपायचं असतं."

भाऊजी शांत माणूस आहे. यापेक्षा मोठं भांडण त्यांना जमत नाही, आणि मला ते पुरलं.

पुढच्या डायलिसिसला मी गेलो. ताईला मशीन जोडेपर्यंत थांबलो. मशीनला जोडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून ती वेळ निवडली. याला धीटपणा म्हणत नाहीत हे मला कळतं.

"ताई, ते नव्वद खरं नव्हतं."

"कुठलं?"

मी सांगितलं. पाणी, रविवार, रेनकोट, बाटली, सलाइन. ती माझ्याकडे बघत ऐकत होती. एके ठिकाणी तिचे ओठ हलायला लागले.

"टोपी पण बांधली होतीस?"

"हो."

"हनुवटीखाली?"

"गाठ मारून."

ती खदाखदा हसायला लागली. हसता हसता हात हलला आणि मशीन किंचाळायला लागलं. टेक्निशियन धावत आला. "हात! हात हलवू नका म्हणून किती वेळा सांगायचं!" त्याने नळी सरळ केली, बटणं दाबली, आवाज थांबवला. तोवर ताईचं हसणंही थांबलं होतं.

"मी गंमत केली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पाणी काढा याचं, असं मी गमतीत म्हटलं होतं, ढब्बू."

"तुझा काही संबंध नाही त्यात."

"आता कधी?"

"तीन महिन्यांनी परत पहिल्यापासून. आणि तेव्हाही नव्वद लागेलच."

"डॉक्टर माझ्या हृदयाचं काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे?"

"हो. म्हणूनच तर."

ताईने मान वळवली. "मी सगळ्यांना सांगून बसले. लायब्ररीत सांगितलं. या आजोबांना पण सांगितलं."

शेजारच्या खुर्चीतले आजोबा डोळे मिटून पडले होते. "मी काही ऐकलेलं नाही," ते डोळे न उघडता म्हणाले.

मग मी एकदम बोलायला लागलो. मला नाही जमत म्हणालो. सगळं करून बसलो. चालतो, उपाशी राहतो, कोबी खाऊन खाऊन घामालासुद्धा कोबीचा वास येतो. काटा हलत नाही. रोज सकाळी त्यावर चढायचं आणि रोज तोच आकडा. निदान वाढला असता तरी कळलं असतं की कुठेतरी चुकतंय. उद्या उठून चालायला जायचं तर कशासाठी, हेच कळत नाही.

ताईने पूर्ण ऐकलं.

"किती दिवस अडकलाय तुझा काटा?"

"महिना झाला. वर थोडे दिवस."

"मी तीन वर्षं येतेय इथे. येताना साडेपन्नास, जाताना अठ्ठेचाळीस. परवा परत साडेपन्नास. माझं कुठे काय पुढे सरकलं? मला विचारलं का कोणी, की बाई, तू हुरूप कसा टिकवतेस?"

"कसा टिकवतेस?"

"नाही टिकवत. तुझे भाऊजी गाडी काढतात, मी बसते."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. मला वाटलं पुढे काहीतरी म्हणेल, धीर देईल, निदान शिवी घालेल. नाही. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिलो. मशीनमधलं चाक फिरत होतं, तिचं रक्त एका नळीतून बाहेर येऊन दुसरीतून परत आत जात होतं. तिचा मोकळा हात मांडीवर होता. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत सरकली असती. वजन कमी करणाऱ्या माणसाने अशा मनगटाचा हेवा करायचा असतो. मी दुसरीकडे बघत बसलो.

मशीन थांबलं. टेक्निशियनने सुया काढल्या, पट्टी बांधली. ताई उठली तशी तिला घेरी आली. मी तिला धरून काट्यापर्यंत आणलं आणि वर चढवलं.

"हात सोडा," टेक्निशियन म्हणाला.

"पडेल ती."

"तुम्ही धरलंत तर तुमचा भार काट्यावर येतो. वजन चुकतं. सोडा."

मी सोडलं. ती एकटी उभी राहिली, थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे आली, मग आकडा थांबला. अठ्ठेचाळीस पॉइंट एक. मी पटकन तिला उतरवून भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"आता तू चढ," ती म्हणाली.

"नको ताई."

"चढ. माझ्यासमोर."

मी चढलो. त्र्याण्णव पॉइंट सहा.

"बूट काढ."

बूट काढून तिच्या हातात दिले. ब्याण्णव पॉइंट आठ.

"घड्याळ."

घड्याळाने शंभर ग्रॅम गेले. बांधलेलं असताना ते एवढं जड वाटत नाही.

"पट्टा."

"पँट पडेल."

"धर हाताने."

पट्टा दिला. साडेब्याण्णव.

"अजून काय आहे अंगावर?"

"काही नाही आता."

दारात पुढचे पेशंट उभे होते. टेक्निशियन घड्याळाकडे बघत होता. ताईच्या मांडीवर माझे बूट, बुटांवर घड्याळ, घड्याळावर गुंडाळलेला पट्टा, आणि ती ते सगळं दोन्ही हातांनी धरून काट्याच्या आकड्यांकडे बघत होती.

मी एक पाय खाली ठेवायला गेलो.

"थांब," ताई म्हणाली. "लगेच उतरू नकोस."

मी पाय परत वर घेतला आणि पँट धरून उभा राहिलो.